खुराड्याभोवती रांगोळी

कोंबडी गेली की सल्ला विचारावा लागत नाही, तो फाटकातून आपोआप आत येतो. आमच्या नांदोशीत त्या सकाळी चार जणांनी मला चार चोर सांगितले. शेजारच्या मळ्यातल्या आजी म्हणाल्या, "बाऊल हाय ते. दुसरं कोन आख्खी कोंबडी उचलून न्हेतंय?" बाऊल म्हणजे रानमांजर. दूधवाल्याच्या मते मुंगूस. पलीकडच्या सोसायटीतले निवृत्त काका बिबट्याच्या खाली उतरायलाच तयार नव्हते. आणि पाण्याच्या टँकरवाल्याने पिसांकडे एक नजर टाकून निकाल दिला, "ताई, काल रविवार होता. माणूसच असणार."

चोराबरोबर प्रत्येकाकडे उपायही तयार होता. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, डांबराच्या गोळ्या टाका, रात्रभर रेडिओ लावा, एक गावठी कुत्रं पाळा. मला हा हिशेब उलटा वाटत होता. भिंत चढणाऱ्यासाठी एक इलाज, जमीन उकरणाऱ्यासाठी दुसरा, धडक देऊन दार पाडणाऱ्यासाठी तिसरा. आणि मुंगूस हे दिवसाचं जनावर. रात्रीच्या गुन्ह्यात त्याचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. आधी कोण येतंय ते कळायला हवं होतं.

नांदोशी म्हणजे सिंहगड रस्त्यावरून किरकटवाडी फाट्याला आत वळायचं. मागे डोंगर, मधे खाणी, मग पुन्हा डोंगर. 2021 साली तेवीस गावं पुणे महापालिकेत आली त्यात आमचं गाव आलं. मालमत्ता कराचं बिल आलं, डोंगरातल्या जनावरांना मात्र ही बातमी कुणी दिलेली नाही. त्यांची वाट ओढ्याच्या कडेने खाली येते ती अजून तशीच आहे, फक्त वाटेत आता बंगले लागतात. त्यातला एक आमचा. खुराडं घराबरोबरच मिळालं: आधीच्या मालकांनी बांधलेलं, वर पत्रा, बाजूंना दोन इंची षटकोनी जाळी, खाली माती, दाराला साधी कडी. आत गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि माझ्या हौसेच्या दोन लाल ऱ्होड आयलंड.

मेलेल्या कोंबडीकडे नीट बघायला मन होत नाही, पण बघावं लागतं, कारण बहुतेक सगळी माहिती तिथेच असते. पहिल्या वेळी एक कोंबडी पूर्ण गायब होती. खुराड्यापासून कुंपणापर्यंत पिसांची ओळ, कुंपणावर एक झुबका, पलीकडे काही नाही. म्हणजे उचलून नेणारं, आणि तोंडात कोंबडी धरून पाच फुटांची भिंत चढणारं जनावर. त्यानंतरची घटना वेगळी होती. कोंबडी आतच, दांडीखाली पडलेली, डोकं नाही. दार बंद, जाळी शाबूत. हे कोडं सुटायला थोडा वेळ लागला. कोंबडी दांडीच्या टोकाला जाळीला चिकटून झोपली होती. बाहेरून पंजा आत गेला आणि जेवढं जाळीतून बाहेर ओढता आलं तेवढं गेलं. दोन इंचांच्या भोकाला जाळी म्हणतात ते कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरच्याला अडवणं तिच्या कामात नव्हतंच. आणि मग पिल्लं जायला लागली, एकेक करून, रक्त नाही, पीस नाही. कोपऱ्यात मातीत मूठभर रुंदीचं भोक आणि बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग. ते घुशीचं काम, त्यासाठी पंच बोलावायची गरज नव्हती.

तीन घटना, तीन तऱ्हा. कुत्र्यांची तऱ्हा आणखी वेगळी असते, ती मी खालच्या वस्तीत पाहिली होती: दार मोडलेलं, सगळ्या कोंबड्या मारलेल्या आणि खाल्लेली एकही नाही. बंद जागेत कोंबड्या फडफडत राहतात आणि जे हलतं त्यावर कुत्रं तोंड टाकत राहतं. त्यात भूक कमी, खेळ जास्त.

पावलांचे ठसे उमटायला आमच्याकडची मुरमाड जमीन काही कामाची नाही. म्हणून मी खुराड्याभोवती दोन हात रुंदीचा पट्टा झाडून घेतला आणि त्यावर संध्याकाळी चाळणीने रांगोळी पेरली. आधी राख वापरून बघितली होती, पण ती दवाने चिकटते आणि ठसा फाटतो. रांगोळी जड असल्याने जागेवर राहते. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी खिडकीतून हे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "दिवाळीत दारात चार ठिपके काढायला सांगितले तर कंबर दुखते."

सकाळी ठसे वाचायचे. चार बोटं आणि नखांच्या खुणा असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटं, गोलसर ठसा आणि नखं नाहीत, तर मांजराचं कूळ, कारण ते नखं आत ओढून चालतं. पाच बोटं उमटली तर उदमांजर. घूस आणि उंदीर यांचे ठसे बारीक, आणि शेपटीची रेघही कधीकधी मधून गेलेली दिसते. पहिल्याच आठवड्यात यातलं जवळजवळ सगळं उमटलं. म्हणजे सल्ला देणाऱ्या चौघांत आजी पास, काका आणि टँकरवाला नापास. दूधवाल्याला दिवसापुरते अर्धे मार्क.

मुलाने मग अंधारातही टिपणारा एक छोटा कॅमेरा आणून दिला. तो लावताना एक गोष्ट कळली: माणसाच्या उंचीवर लावला की फक्त पाठी दिसतात. गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला आडवा न लावता तिरका लावला की चेहरे आणि शेपट्या दिसायला लागतात. काळ्या-पांढऱ्या चित्रात सगळ्यांचे डोळे पेटलेले दिसतात म्हणून आधी दचकायला होतं. मग सवय होते, आणि सकाळच्या चहाबरोबर कालच्या रात्रीचं बघणं हा घरातला कार्यक्रमच होऊन बसतो.

रानमांजर साधारण मध्यरात्रीनंतर यायचं. लांब पाय, आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाला काळी वलयं, कानांच्या टोकांवर केसांचे छोटे झुबके. घरच्या मांजरापेक्षा चांगलंच उंच. ते खुराड्याला एक पूर्ण फेरी मारायचं, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वास घ्यायचं, आणि दाराच्या कडीशी येऊन पंजाने दार हलवून बघायचं. रोज, तेच, त्याच क्रमाने. त्याची चिकाटी बघून मला आमच्या बँकेतले जुने ऑडिटर आठवले. उदमांजर त्या मानाने कोंबड्यांकडे फार लक्ष देत नव्हतं, ते सरळ पपईवर चढायचं. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या कौलांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं हे जनावर. फळं, उंदीर, किडे, जमलंच तर अंडी आणि पिल्लू. कुत्र्यांची टोळी पहाटे यायची. आणि एका रात्री, ज्याची अपेक्षा कुणालाच नव्हती, असं एक साळिंदर काटे खुळखुळत सुरणाच्या वाफ्यातून गेलं. बिबट्या काही दिसला नाही. काका नाराज झाले.

आता हाकलण्याच्या उपायांबद्दल. हे मी सगळे केले, कारण करून बघितल्याशिवाय शेजारी ऐकत नाहीत. निळीच्या पाण्याच्या बाटल्या: कॅमेऱ्यात एका कुत्र्याने बाटलीचा वास घेतला, तंगडी वर केली आणि पुढे गेला. सौर ऊर्जेवर लुकलुकणारे लाल दिवे: हे खरंच चालले, पण रानमांजराला ते निरुपद्रवी आहेत हे कळेपर्यंतच. मग ते दिव्याच्या शेजारी बसून अंग चाटायला लागलं. दिव्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलली की मुदत थोडी वाढते, एवढंच. रेडिओचंही तसंच, शिवाय त्यात शेजारी आधी बिथरतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं एक यंत्रही आणलं. त्याचा परिणाम नेमका कुणावर झाला हे मला कॅमेऱ्यात शोधून सापडलं नाही.

डांबराच्या गोळ्यांना मात्र मी हात लावला नाही. त्या विषारी असतात, कोंबडी समोर दिसेल त्यावर चोच मारते, आणि गोळी पांढरी असते. मिरचीचा धूरही नाही. कोंबड्यांची फुप्फुसं नाजूक, चोराआधी त्यांनाच त्रास. आजींच्या मळ्यात डुकरांसाठी कुंपणाला जुन्या साड्या बांधतात आणि न्हाव्याकडून केस आणून बांधावर टाकतात. "कामाला येतं का, आजी?" मी विचारलं. "येतं की. म्हैनाभर येतं. मग डुकरास्नी साड्या वळखू याया लागत्यात."

हालचाल टिपून एकदम पेटणारा दिवा एवढा एक प्रकार मी ठेवला आहे, तोही खुराड्यावर न लावता कुंपणावर, ओढ्याकडे तोंड करून. रात्रभर जळणाऱ्या दिव्यात कोंबड्यांना झोप मिळत नाही, त्यांचं अंड्याचं चक्रही उजेडावर चालतं. अचानक पेटणाऱ्या दिव्याने जनावर बिचकतं आणि मला खिडकीतून दिसतं. पण वीज गेली की तोही गेला, आणि आमच्याकडे वळवाचा पहिला ढग दिसला की वीज जाते.

याच दिवसांत एकाने फोरेटची पुडी आणून दाखवली. कोंबडीच्या आतड्यांत कालवून कुंपणाबाहेर ठेवायची, सकाळी प्रश्न मिटलेला. हे कीटकनाशक इतकं जहाल की 2020 च्या अखेरीपासून त्याच्यावर देशभर बंदी आहे. पुडी जुन्या साठ्यातली असावी. आधी कायद्याचं: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा जनावरांना मारणं, विष घालणं, सापळ्यात धरणं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. विष खाल्लेलं जनावर जिथे मरेल तिथे घार येणार, गल्लीतलं कुत्रं येणार. आमच्या पाण्याच्या टाकीवर बसणारं गव्हाणी घुबड विषाने अर्धमेला झालेला उंदीर खाणार, आणि ते घुबड रात्री जेवढे उंदीर उचलतं तेवढे माझ्या कुठल्याच पिंजऱ्यात सापडत नाहीत. शिवाय एक रानमांजर मेलं तर ओढ्याची ती वाट दुसऱ्याला मोकळी होते. खुराड्याची जाळी दोन इंचीच राहिली, तर येणाऱ्या प्रत्येक नव्या मांजरासाठी नवी पुडी लागेल.

तर मग जाळी. रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं की लोखंडी जाळीचे जेवढे प्रकार डोळ्यांसमोर येतात तेवढ्यांची मला नावंही माहीत नव्हती. दुकानदाराने आधी षटकोनी जाळीच काढली, कारण कोंबडी म्हटलं की तीच. मला हवी होती वेल्डमेश: चौकोनी, अर्ध्या इंचाची, प्रत्येक सांधा वेल्ड केलेला. षटकोनी जाळीच्या तारा नुसत्या पिळलेल्या असतात. कुत्र्याने दात लावून ओढल्या की उसवत जातात. अर्ध्या इंचातून पंजा जात नाही, घूस जात नाही, मुंगूस जात नाही, मोठा साप जात नाही. तारेच्या जाडीचा आकडा इथे उलटा चालतो, गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात उभं राहण्याआधी माहीत असलेलं बरं. आणि जस्ताचा थर वेल्डिंगनंतर चढवलेला हवा. आधी चढवलेला असेल तर सांध्यावरचं जस्त जळून गेलेलं असतं, आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. ही जाळी षटकोनीपेक्षा बरीच महाग पडते. दाराचा सांगाडा, बिजागऱ्या आणि अँगल मात्र मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाले. तिथे बुधवारी किंवा रविवारी जायचं, सकाळी लवकर, आणि वस्तूचं आपल्याला काही अडलेलं नाही असा चेहरा ठेवायचा.

वेल्डिंगवाल्या दादांना जाळी बघून हसू आलं. "ताई, एवढी बारीक? उंदीर पाळायचेत का?"

"उंदीर बाहेर ठेवायचेत."

"मग मांजर पाळा की."

काम मात्र त्यांनी छान केलं, आणि एक गोष्ट त्यांच्याचकडून शिकले. जाळी लाकडाला किंवा अँगलला नुसत्या यू-खिळ्यांनी किंवा बांधकामाच्या तारेने अडकवायची नाही. जाळी बाहेरून ढकलली तर खिळा धरतो, बाहेरून ओढली तर सुटतो, आणि कुत्रं ओढतं. प्रत्येक वीतभर अंतरावर स्क्रू आणि त्याखाली रुपयाएवढं जाड वायसर. वर पत्रा आणि भिंत यांच्या मधे वारा खेळायला जी फट ठेवली होती तिथेही तीच जाळी. फट बुजवायची नाही, कोंबड्यांना हवा लागते; खेळती हवा नसेल तर विष्ठेच्या वासाने आत डोळे चुरचुरतात आणि कोंबड्यांचं श्वसन बिघडतं. पण उदमांजराला वरून यायला हीच फट पुरते, आणि ते वरूनच येतं.

खालची बाजू हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं. मागे सरकून दोन फुटांवरून बोगदा काढायचं त्याच्या डोक्यात येत नाही. म्हणून जाळी जमिनीला टेकल्यावर थांबवायची नाही, तिला बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून दोन फूट जमिनीवर पसरायची, दगड ठेवायचे आणि वर माती ओढायची. महिन्याभरात गवत त्यातून वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते. कॅमेऱ्यात मी एक कुत्रं बघितलं: बुडाशी उकरलं, नखं तारेला लागली, एक पाऊल बाजूला, पुन्हा उकरलं, पुन्हा तार. असं करत त्याने तीन बाजू पूर्ण केल्या आणि मग झोपलं. आत मातीवर कोबा करून त्यावर भाताच्या तुसाचा जाड थर टाकला. मावळ-मुळशीच्या गिरण्यांत तूस भरपूर, फक्त पोती आणायला गाडी हवी.

दाराची कडी बदलली. वर उचलून उघडणारी कोणतीही कडी रानमांजराच्या हलवण्याने आज ना उद्या उचलली जाते. आता आडवा बोल्ट आहे आणि त्याच्या भोकात गिर्यारोहणाचा स्प्रिंगचा हूक, कारण तो मुलाकडे पडून होता. दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडत नाही. दाराला एक वर, एक खाली असे दोन बोल्ट घातले तर आणखी चांगलं, नाहीतर कुत्रं खालचा कोपरा दाबून फट पाडतं. झोपायची दांडी जाळीपासून फूटभर आत घेतली. त्यासाठी एक पैसा लागला नाही, आणि बिनडोक्याच्या कोंबडीचा प्रश्न खरं तर एवढ्यानेच सुटला असता.

एवढं करून दार उघडं राहिलं तर सगळं पाण्यात. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून दिवस मावळला की त्या आपल्या आपण दांडीवर जातात. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. घड्याळाच्या ठरावीक वेळेवर दार लावणाऱ्याचं हिवाळ्यात फसतं: साडेसहाला तुम्ही फाटकाशी गाडी लावत असता आणि खुराडं अर्धा तास उघडं असतं. मी सूर्यास्तानंतर मोजणी करते. आमची एक काळी कोंबडी शेवग्यावर झोपायच्या हट्टाची. तिला रोज फांदीवरून काढावं लागतं. अंधार पडल्यावर गेलं तर ती हातात भाजीसारखी येते, अर्धा तास आधी गेलं तर सगळं अंगण पळवते.

संध्याकाळी अंडी उचलायची आणि खाद्याची भांडी घरात आणायची. हे दिसायला किरकोळ आहे पण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून. रात्री खाद्य राहिलं की उंदीर आणि घूस येतात, त्यांच्यामागे धामण आणि नाग, आणि उंदरांच्या वासावर रानमांजर. माझ्या कॅमेऱ्यात भांडी आत घ्यायला लागल्यापासून उंदरांची ये-जा डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. खाद्याचं पोतं आता झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात असतं. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घुशीने एका रात्रीत कुरतडलं होतं.

बागेची गोष्ट वेगळी, कारण बागेला छप्पर घालता येत नाही. पपईच्या खोडाला मी जमिनीपासून चार फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. नारळाला उंदरांसाठी कोकणात करतात तसाच. उदमांजराची नखं पत्र्यावर रुतत नाहीत. पण ते एवढं शहाणं की शेजारच्या पेरूच्या फांदीवरून पपईवर उडी घ्यायला लागलं. तेव्हा पेरू छाटावा लागला. खोडाला पत्रा लावायचा तर झाड एकटं उभं असायला हवं, ना भिंत जवळ, ना गच्ची, ना दुसरं झाड. चिकूवर वटवाघळं येतात. तिथे जाळी टाकायची तर बारीक आणि ताणून, सैल जाळीत वटवाघळं आणि पक्षी अडकून मरतात. मी जाळी टाकलीच नाही. जी फळं आपल्याला हवीत त्यांना जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधल्या, उरलेली त्यांची.

साळिंदराने सुरण आणि रताळी असा नेमका जमिनीखालचा माल निवडला होता. त्याला नीट चढता येत नाही, पण उकरणं उत्तम. वाफ्याभोवती दोन फूट उंच वेल्डमेश आणि बाहेरच्या बाजूला तोच जमिनीवर पसरलेला पदर, एवढ्यावर ते वळलं. पुढे रानडुक्कर आलं तर ही जाळी त्याच्या एका मुसंडीची आहे, हे मला माहीत आहे. आजींच्या पुतण्याने मळ्याला झटका मशीन लावलंय, सौर बॅटरीवरचं, जे थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं. तारेत थेट घरातली वीज सोडायचा उद्योग काही जण करतात, त्यात जनावराआधी माणूस मरतो आणि मालक तुरुंगात जातो. झटका मशीन घ्यायचं तर तयार आणि प्रमाणित घ्यावं, आणि कुंपणावर पाटी लावावी.

कुत्र्यांवर जाळीने मात केली तरी त्यांचा प्रश्न खुराड्याशी सुटत नाही. चिकनच्या दुकानांतला कचरा पोत्यांत भरून रात्री ओढ्याच्या पुलावरून खाली टाकला जातो, आणि सकाळी सगळ्या टोळ्या तिथे. नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा 2023 च्या नियमांचा दंडक आहे, आणि कानाला खाच असलेली कुत्री आमच्याकडेही आहेत. पण जोवर पुलाखाली रोजचं जेवण पडतं तोवर टोळी पुलापासून लांब जाणार नाही. यासाठी सोसायटीतल्या काकांना घेऊन दुकानांत फिरलो. दोघांनी कचरा गाडीत द्यायला सुरुवात केली, तिसरा अजून "उद्यापासून" म्हणतो.

बिबट्याचा विषय टाळता येत नाही. जुन्नरच्या उसात तो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण 2025 मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारातही दिसला म्हटल्यावर आमच्या डोंगराबद्दल काय बोलायचं. कोंबडीपेक्षा त्याला कुत्रं आणि शेळी जास्त आवडते, म्हणजे राखणीला बांधलेलं कुत्रं हेच आमिष ठरू शकतं. म्हणून "एक कुत्रं पाळा" हा सल्ला मी घेतला नाही. बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. ताज्या ठशाची शंका आली तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा, फोटो काढायला मागे जायचं नाही. साप खुराड्यात दिसला तरी हाच फोन. मी एकदा केला होता. धामण निघाली, आणि घुशीच्या बिळात शिरलेली ती धामण बघून मला खरं तर तिला ठेवून घ्यावंसं वाटत होतं.

नव्या खुराड्यात आल्यापासून एकही कोंबडी रात्रीची गेलेली नाही. रानमांजर मात्र येतं. फेरी मारतं, चारही कोपरे हुंगतं, बोल्ट हलवून बघतं आणि ओढ्याकडे जातं. बहुधा पुलाखाली उंदीर मुबलक आहेत. दिवसा मुंगूस अजून त्रास देतं, पिल्लांची वेळ असली की त्यांना दुपारीही जाळीतच ठेवते. खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात पिल्लांसाठी नाव नोंदवून आले आहे. ती येण्याआधी मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या त्या साथीच्या रोगाच्या, लसीची सोय बघायची आहे. शिवाय उत्तरेच्या बाजूला जिथे दगड कमी पडले होते तिथे घुशीने पदराची कड शोधून काढली आहे. त्या बाजूला शहाबादी फरशी उभी पुरायची. मिस्त्री रविवारी येतो म्हणालेत. कुठल्या रविवारी, ते विचारायचं राहिलं.